वाफ जाऊ देणारे, पण रक्त आणि विषाणू अडवणारे कापड: गाऊन-कव्हरऑलसाठी नेमके काय घ्यावे?

प्रश्न इचलकरंजीतल्या एका शिलाई युनिटचा आहे. हे युनिट रुग्णालयांसाठी गाऊन आणि कव्हरऑल, म्हणजे सगळे अंग झाकणारे एकसंध पोशाख, शिवते. आजवर ९० जीएसएमचे (दर चौरस मीटरला ९० ग्रॅमचे) लॅमिनेटेड नॉनवोव्हन, म्हणजे फिल्मचा थर दिलेले बिनविणीचे कापड वापरले. ते रक्ताच्या चाचणीत पास आहे, पण घालणारी माणसे तासाभरात घामाने चिंब होतात अशी रुग्णालयांची तक्रार आहे. मग ‘ब्रीदेबल’, म्हणजे वाफ जाऊ देणारे म्हणून विकले जाणारे हलके कापड आणले. त्यावर पाणी ओतून ठेवले तरी खाली थेंब येत नाही, पण विषाणूच्या चाचणीत तेच कापड नापास झाले. असे का झाले, कोणते कापड घ्यावे, आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा माल करावा का, असे विचारले आहे.

आधी थेट उत्तर देतो. विषाणू अडवण्याचा दावा करायचा असेल आणि वाफही जायला हवी असेल, तर छिद्र नसलेल्या, म्हणजे मोनोलिथिक फिल्मचे तीन पदरी कापड घ्या आणि प्रत्येक शिवण टेप करा. शस्त्रक्रियेच्या गाऊनला हे कापड फक्त पुढच्या भागाला आणि बाह्यांना लावा, पाठ एसएमएस या हवा जाऊ देणाऱ्या साध्या नॉनवोव्हनची ठेवा. पाणी ओतून पाहणे ही चाचणी म्हणून धरू नका, कारण तुमची फसगत नेमकी तिथेच झाली आहे.

पाणी अडते, रक्त का अडत नाही

छिद्र असलेल्या कापडात द्रव अडतो तो छिद्र लहान आहे एवढ्यावर नाही. द्रवाचा पृष्ठताण किती आणि तो कापडाच्या धाग्याशी किती अंशांचा कोन करतो, यावर सगळे ठरते. द्रव छिद्रात घुसवायला लागणारा दाब असा काढतात: चार गुणिले पृष्ठताण गुणिले कोनाची कोसाइन, भागिले छिद्राचा व्यास. कोन ९० अंशांच्या वर असेल तर छिद्र द्रवाला बाहेर ढकलते. कोन ९० च्या खाली आला की तेच छिद्र दिव्याच्या वातीसारखे द्रव स्वतःहून ओढून घेते, दाबाची गरजच उरत नाही.

आकडे घालून पाहू. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. पॉलिओलेफिनवर (पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन या जातीच्या प्लॅस्टिकवर) त्याचा कोन १०५ अंश धरला आणि छिद्र १ मायक्रॉनचे धरले, तर पाणी घुसवायला सुमारे ७५ किलोपास्कल दाब लागतो. हे प्रचंड आहे, पाण्याचा साडेसात मीटर उंच स्तंभ. रक्त आणि शरीरातल्या द्रवांचा पृष्ठताण मात्र ०.०४२ ते ०.०६० च्या पट्ट्यात असतो. ०.०४२ घेतला आणि कोन ९५ अंशांवर आला असे मानले, तर त्याच छिद्राला फक्त १५ किलोपास्कल पुरतात. छिद्र २ मायक्रॉनचे निघाले तर साडेसात. म्हणजे टेबलावर पाणी तासभर धरून ठेवणारे कापड रक्ताच्या दाबाखाली सहज हार मानू शकते. कापडात दोष नसतानाही हे होते.

विषाणूचा आकार इथे दुय्यम आहे, हे बऱ्याच जणांना पटत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू ४२ नॅनोमीटरच्या आसपास, एचआयव्ही आणि सार्स-कोव्ह-२ सुमारे १०० नॅनोमीटर. मायक्रोपोरस, म्हणजे बारीक छिद्रे असलेल्या फिल्मची कित्येक छिद्रे यापेक्षा मोठी असतात. तरी द्रव पलीकडे गेला नाही तर त्यातला विषाणूही जात नाही, कारण तो द्रवावर स्वार होऊनच येतो. उलट द्रव गेला, अगदी डोळ्याला न दिसण्याइतका गेला, की विषाणू गेलाच. हवेतून तरंगत येणाऱ्या कणांचे शास्त्र वेगळे आहे. ते मास्कच्या गाळणीचे काम आहे आणि या उत्तरातले काहीही मास्कला लावू नका.

चाचण्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा रक्तजन्य जंतूंबद्दलचा नियम १९९१ साली आला आणि कपड्याचा अडथळा मोजायची गरज पडली. त्यासाठी एएसटीएम या प्रमाणके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या दोन चाचण्या आज जगभर वापरल्या जातात. एफ १६७० कृत्रिम रक्ताची आहे. एफ १६७१ फाय-एक्स-१७४ या जिवाणूभक्षी विषाणूची आहे. हा विषाणू जेमतेम २७ नॅनोमीटरचा, माणसाला निरुपद्रवी, आणि ई. कोलायच्या ‘सी’ वाणावर सहज वाढतो. म्हणून हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या जागी तो वापरतात.

दोन्हींची रीत सारखी. ७५ मिलिमीटरचा चौकोनी नमुना चाचणीच्या पेशीत, म्हणजे छोट्या बंद डबीत कसतात, बाहेरच्या बाजूला सुमारे ६० मिलिलिटर द्रव भरतात, ५ मिनिटे दाबाशिवाय, १ मिनिट १३.८ किलोपास्कल, मग ५४ मिनिटे पुन्हा दाबाशिवाय. दोन्हीत द्रवाचा पृष्ठताण ०.०४२ राखलेला असतो. फरक निकाल वाचण्यात आहे. रक्ताच्या चाचणीत माणूस डोळ्याने लाल ठिपका शोधतो. विषाणूच्या चाचणीत आतली बाजू निर्जंतुक द्रवाने धुऊन, ते धुवण जिवाणूंच्या थरावर घालून प्लाक, म्हणजे विषाणूने जिवाणू मारल्याचे ठिपके मोजतात. द्रवात दर मिलिलिटरला १० कोटी विषाणू असतात. म्हणजे एका मिलिलिटरचा दहा लाखावा भाग पलीकडे झिरपला तरी त्यात १०० विषाणू असतील, आणि तेवढे द्रव कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. एखादे कापड रक्ताला पास आणि विषाणूला नापास का होऊ शकते, याचे हे साधे कारण.

आता भारतातली बाब, कारण तुमचे प्रमाणपत्र बहुधा याच पद्धतीचे असेल. आयएसओ १६६०३ ही रक्ताची आणि १६६०४ ही विषाणूची चाचणी पायऱ्यापायऱ्यांनी दाब चढवते: ०, १.७५, ३.५, ७, १४ आणि २० किलोपास्कल, प्रत्येक पायरी ५ मिनिटे. त्याप्रमाणे वर्ग १ ते ६ मिळतो. २०२० मध्ये कोविडच्या कव्हरऑलसाठी आपल्याकडे रक्ताच्या चाचणीत वर्ग ३ आणि त्यावरचा माल ग्राह्य धरला गेला. वर्ग ३ म्हणजे ३.५ किलोपास्कल. अमेरिकी चाचणीचा दाब त्याच्या जवळजवळ चौपट आहे. तेव्हा ‘रक्ताला पास’ एवढेच ऐकून समाधान मानू नका. कोणत्या वर्गाला पास, हे विचारा. मुंबईत नौदलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिनने त्याच वर्षी ‘नवरक्षक’ हा कव्हरऑल तयार केला. लॅमिनेट न वापरता वाफ जाऊ देणारे कापड आणि रक्ताच्या चाचणीत वर्ग ६, असा त्याचा निकाल जाहीर झाला होता. आरामदायक कापड आणि वरचा वर्ग एकत्र मिळू शकतात, हे त्यातून दिसते. पण तोही रक्ताचा निकाल आहे. विषाणूचा दावा करायचा असेल तर विषाणूचीच चाचणी लागते.

गाऊनच्या अडथळ्याची पातळी ठरवणाऱ्या अमेरिकेच्या पीबी ७० या वर्गवारीचाही उल्लेख करतो, कारण निर्यातीची चौकशी आली की ‘लेव्हल ३’ आणि ‘लेव्हल ४’ हे शब्द हमखास येतात. लेव्हल ३ म्हणजे ५० सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ सहन करणे आणि फवाऱ्याच्या चाचणीत १ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी पार न जाणे. तिथे रक्तही नाही, विषाणूही नाही. ५० सेंटिमीटर म्हणजे ४.९ किलोपास्कल. विषाणूची चाचणी फक्त लेव्हल ४ च्या गाऊनला लागते. युरोपचे ईएन १३७९५ हे शस्त्रक्रियेच्या गाऊनचे प्रमाणक ओल्या कापडातून जिवाणू जातात का ते पाहते, विषाणू नाही. या सगळ्या कागदांची सरमिसळ करून माल विकला जातो, आणि त्यात घेणाऱ्याची चूक कमी, विकणाऱ्याची जास्त असते.

एक मर्यादा मनापासून सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेत कोपर टेकवताना किंवा रुग्णावर झुकताना कापडावर ३४५ किलोपास्कलपेक्षाही जास्त दाब येऊ शकतो, असे मोजलेले आहे. १३.८ हा आकडा चांगले आणि वाईट कापड वेगळे काढण्यापुरता निवडलेला आहे. तो पास झाला म्हणजे रक्ताच्या थारोळ्यात कोपर रोवून बसता येते असे नाही.

कापडावर चांदीचे किंवा दुसरे जंतुनाशक फिनिश असेल तर प्रयोगशाळेला ते आधी सांगा. असे फिनिश चाचणीतल्या विषाणूलाच मारते आणि झिरपणारे कापड पास दिसते. ‘अँटिव्हायरल कोटिंग’ हा अडथळ्याला पर्याय नाही. रक्त काही सेकंदांत त्वचेपर्यंत पोहोचते आणि फिनिशला काम करायला वेळच मिळत नाही.

कापडाचे प्रकार

एसएमएस, म्हणजे स्पनबॉन्ड, मेल्टब्लोन, स्पनबॉन्ड: बाहेरचे दोन पदर मजबूत, मधला अतिबारीक तंतूंचा. सगळे पॉलिप्रॉपिलीन, साधारण ३५ ते ५० जीएसएम. हवा आरपार जाते, म्हणून अंगावर सुखाचे वाटते. शिंतोडे अडवते, दाबाखालचे रक्त अडवत नाही, आणि विषाणूच्या चाचणीत टिकत नाही. तुमचे ‘हलके ब्रीदेबल’ कापड हे असण्याची शक्यता आहे. ओळख सोपी: कापड ओठांवर घट्ट धरून फुंका. फुंकर पलीकडे गेली तर ते विषाणू अडवणारे कापड नाही, विक्रेता काहीही म्हणो. फुंकर अडली तर एवढेच कळते की आत फिल्म आहे.

मायक्रोपोरस फिल्म. पॉलिइथिलीनमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी मिसळतात, वजनाने जवळजवळ निम्मी. भुकटीला स्टिअरिक आम्लाचा मुलामा दिलेला असतो, नाहीतर ती प्लॅस्टिकमध्ये गोळे धरते. फिल्म काढून ती ताणली की प्रत्येक कणाभोवती पोकळी उघडते आणि पोकळ्या एकमेकींना जोडून वेडीवाकडी वाट तयार होते. ही फिल्म स्पनबॉन्डवर गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवतात, एकूण ५० ते ६५ जीएसएम. चांगल्या कारखान्याचा माल रक्त आणि विषाणू दोन्ही चाचण्यांत उतरतो, आणि टाकाऊ कव्हरऑलमध्ये सर्वात जास्त हाच दिसतो. पण लॉटमध्ये फरक पडतो. भुकटीचा एखादा गोळा राहिला की तिथे मोठे छिद्र पडते. ताण असमान झाला की रोलच्या एका कडेची छिद्रे मोठी होतात. गोंद जास्त झाला तर छिद्रे बुजतात आणि वाफ थांबते, कमी झाला तर कोपराला फिल्म सुटते. तीन नमुन्यांच्या एका अहवालावर वर्षभराचा माल घेऊ नका. रोलच्या डाव्या कडेचा, मधला आणि उजव्या कडेचा नमुना वेगवेगळा पाठवा.

मायक्रोपोरसची आणखी एक गंभीर अडचण सॅनिटायझर आहे. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पृष्ठताण ०.०२४ च्या आसपास. तो पॉलिइथिलीनच्या छिद्रांत सरळ शिरतो आणि मागून येणाऱ्या रक्ताला ओली वाट करून देतो. कव्हरऑलवर सॅनिटायझर फवारण्याची सवय अनेक रुग्णालयांत पडली आहे. तुमच्या पाकिटावर ‘अल्कोहोल फवारू नये’ असे ठळक मराठीत छापा.

मोनोलिथिक फिल्म. हिच्यात छिद्रच नसते. कोपॉलिएस्टर, पॉलिइथर-ब्लॉक-अमाइड किंवा जलस्नेही पॉलियुरेथेन यांची १२ ते २५ मायक्रॉनची अखंड फिल्म. पाण्याचे रेणू दमट बाजूने फिल्ममध्ये विरघळतात, साखळ्यांच्या जलस्नेही भागांतून सरकतात आणि कोरड्या बाजूला वाफ होऊन सुटतात. विषाणू विरघळत नाही, म्हणून जात नाही. वाट छिद्राची नसल्यामुळे पृष्ठताण कमी झाला तरी अडथळा कोसळत नाही. माझी पहिली पसंती हीच. तोटे आहेत: दर जास्त, ओली झाली की फुगते आणि मऊ पडते, आणि १२ मायक्रॉनच्या एकेरी फिल्मला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर ते भरून काढणारे काही नसते. म्हणून दोन्ही बाजूंना स्पनबॉन्ड असलेले तीन पदरी कापड घ्या, फक्त एका बाजूला आधार असलेले दोन पदरी नको. मायक्रोपोरस फिल्मवर मोनोलिथिकचा पातळ थर दिलेली संयुक्त फिल्मही मिळते आणि दराच्या मानाने ती चांगली असते.

विस्तारित, म्हणजे ताणलेले पीटीएफई (टेफ्लॉन) ही चौथी जात. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये पीटीएफई झटक्यात ताणून ती शोधली. पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी की ०.०४२ चा द्रवही तिला सहज भिजवत नाही. अंगाचे तेल बसून ती पुढे भिजू नये म्हणून आतून पॉलियुरेथेनचा अखंड थर देतात. पुन्हा वापरायच्या महाग गाऊनसाठी उत्तम, एकदा वापरून टाकायच्या मालासाठी परवडणार नाही. गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे असेल तर पीटीएफई आणि साधे पॉलिप्रॉपिलीन दोन्ही ठिसूळ होतात. अशा मालाला ईटीओ (एथिलीन ऑक्साइड) वायू बरा.

राहिले तुमचे ९० जीएसएम. ते बहुतेक स्पनबॉन्डवर ओतलेले साधे प्लॅस्टिक आहे. अडथळा पक्का, पण वाफेला वाट नाही. जीएसएम हे फक्त वजन आहे. त्यावरून अडथळाही कळत नाही आणि आरामही कळत नाही.

वाफेचा आकडा कसा वाचावा

विक्रेता ‘३०००’ किंवा ‘१०,०००’ असा आकडा सांगतो: दर चौरस मीटरला २४ तासांत इतके ग्रॅम वाफ. पहिला प्रश्न विचारा: कोणत्या पद्धतीने? एएसटीएम ई ९६ मध्येच कप सुलटा ठेवायची आणि उलटा ठेवायची अशा पद्धती आहेत. उलट्या कपात पाणी फिल्मला टेकते, मोनोलिथिक फिल्म फुगते आणि आकडा कित्येक पटींनी वाढतो. एकाचा सुलटा आणि दुसऱ्याचा उलटा आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर निर्णय हमखास चुकतो. शक्य असेल तर आयएसओ ११०९२ चा ‘रेट’ (Ret) हा आकडा मागा. हा बाष्पाला होणारा विरोध आहे, म्हणून जितका कमी तितका चांगला. ६ च्या खाली फार चांगला, १३ पर्यंत चांगला, २० च्या वर गेला की अंगात घाम साठणारच.

आकड्याचा अर्थ असा लावा. कव्हरऑलचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरले आणि कापड ३००० चे असेल, तर चाचणीच्या परिस्थितीत ताशी २५० ग्रॅम वाफ जाते. एवढी वाफ झाल्याने सुमारे १७० वॉट उष्णता बाहेर पडते. वॉर्डात फिरतीचे काम करणारे शरीर २०० ते २५० वॉट उष्णता तयार करते. म्हणजे आकडा वाईट नाही, पण पुरून उरेल असाही नाही. त्यातून घामाने ओले झालेले आतले कपडे अंगाला चिकटले की गणित आणखी बिघडते.

बाहेरची हवा कशी आहे यावर तर सगळे अवलंबून आहे. वाफ ढकलणारा जोर म्हणजे त्वचेजवळच्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातला फरक. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेजवळ तो ५.६ किलोपास्कल असतो. शस्त्रक्रियागृहात २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर बाहेर १.२, म्हणून फरक ४.४. मुंबईत किंवा रत्नागिरीत पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या वॉर्डात बाहेर ३.६, म्हणून फरक फक्त २. तेच कापड, तोच माणूस, पण वाफ निम्म्याहून कमी. कोकणातल्या बिनएसी वॉर्डासाठी ब्रीदेबल कव्हरऑल देऊन ‘आता घाम येणार नाही’ असे आश्वासन देऊ नका. तिथे पाळ्या लहान ठेवणे आणि पाणी पाजणे याला पर्याय नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत उष्णतेमुळेच कर्मचाऱ्यांना पूर्ण पोशाखात तासाभराच्या आसपासच आत ठेवत.

म्हणूनच शस्त्रक्रियेच्या गाऊनची पाठ मोकळी ठेवायचा आग्रह धरतो. तिथे रक्त समोरून आणि हातांवर येते. पुढचा भाग आणि बाह्या फिल्मच्या, पाठ एसएमएसची, असे केले तर घाम पाठीतून हवेसकट बाहेर जातो आणि कापडही स्वस्त पडते. आयसोलेशन गाऊनला मात्र ही सवलत नाही, कारण तिथे संपर्क कुठूनही होतो. बाहीच्या टोकाचा विणलेला कफ कधीच अडथळा नसतो. हातमोजा त्याच्यावरून पूर्ण चढला पाहिजे, म्हणून बाही आखूड कापू नका.

शिवण

चांगले कापड घेऊन वाईट शिवण घातली तर सगळा खर्च वाया. ८० नंबरची सुई ०.८ मिलिमीटरचे भोक पाडते. विषाणूच्या मापाने ते हजारो पट मोठे आहे. ओव्हरलॉकची शिवण टेप केल्याशिवाय रक्ताच्या चाचणीतही टिकत नाही. प्रमाणपत्र घेताना कापडाचा आणि शिवणीचा नमुना वेगळा पाठवा. मध्यभागी टेप केलेली शिवण असलेला तुकडा द्या आणि शिवणीची जाडी कमी ठेवा, नाहीतर पेशीच्या रबरापाशी गळती होऊन चांगली शिवणही नापास दिसते.

टेप साधारण २० मिलिमीटर रुंद. कापडाचा जो पदर टेपला लागणार त्याच्याशी जुळणारा गोंद हवा. पॉलिइथिलीन ११० अंशांच्या आसपास वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या वर. गोंद वितळला पाहिजे आणि फिल्म वितळता कामा नये, एवढीच फट तुमच्या हातात आहे. मशीनच्या पडद्यावरचे तापमान नळीतल्या हवेचे असते, कापडाचे नाही. वेग कमी केला की तेच तापमान फिल्म जाळते. दिवसाच्या सुरुवातीला तुकड्यावर टेप लावून पूर्ण थंड होऊ द्या आणि सोलून पाहा. टेपबरोबर कापडाचा पदर फाटून आला तर जोड पक्का. टेप स्वच्छ निघून आली तर उष्णता किंवा दाब कमी. कापड आकसले, चकाकले किंवा कडक झाले तर उष्णता जास्त.

गळती बहुतेक वेळा सरळ शिवणीत नसते. काखेत आणि दोन पायांच्या मधल्या सांध्यावर, जिथे चार शिवणी एकत्र येतात, तिथे टेपखाली बारीक बोगदा राहतो. तिथे टेपचा वेगळा गोल तुकडा द्या. पँट आणि बाहीच्या शिवणी एकाच जागी न आणता दोन-तीन सेंटिमीटर सरकवल्या तरी फरक पडतो. चेनवर चिकटणारी झडप हवी, आणि ती हनुवटीपर्यंत गेली पाहिजे.

कारखान्यातच करता येईल अशी शिवणीची तपासणी सांगतो. दाब स्तंभाच्या उंचीवर ठरतो, नळीच्या जाडीवर नाही, म्हणून महागडे यंत्र लागत नाही.

१. ५० मिलिमीटर व्यासाची, दोन चकत्यांमध्ये रबर असलेली पेशी करून घ्या. कापडाच्या मागे बारीक जाळी ठेवा, नाहीतर फिल्म फुगून छिद्रे उघडतात.

२. नमुना बाहेरची बाजू द्रवाकडे करून कसा. पेशीतली हवा निघायला वर छोटी तोटी ठेवा.

३. पारदर्शक नळीतून रंगीत पाणी १.४ मीटर उंचीपर्यंत भरा. हाच १३.८ किलोपास्कल.

४. मागे पांढरा टिश्यू लावून एक मिनिट थांबा आणि मग पाहा.

यात साधे पाणी आहे, त्याचा पृष्ठताण रक्तापेक्षा जास्त आहे. म्हणून इथे नापास झालेला तुकडा नक्की नापास, पण पास झालेला फक्त प्रयोगशाळेत पाठवण्यालायक. प्रत्येक टेपिंग मशीनचा प्रत्येक पाळीत एक सांध्याचा तुकडा तपासा. टेपचा रोल बदलला किंवा मशीन थांबून पुन्हा सुरू झाले तर लगेच आणखी एक.

धुऊन वापरता येणारा माल

करता येतो, पण शिलाई युनिटने एकट्याने तो विकू नये असे माझे मत आहे. त्याच्यामागे धुलाईची व्यवस्था नसेल तर तो रुग्णालयाला धोक्यात घालतो. कापड म्हणजे घट्ट विणलेले पॉलिएस्टर, मध्ये मोनोलिथिक पॉलियुरेथेन किंवा पीटीएफई, आत विणलेला पातळ पदर. पॉलियुरेथेन पॉलिइथर जातीचे घ्या. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन ऑटोक्लेव्हच्या १३४ अंशांच्या वाफेत तुटत जाते, चिकट होते आणि पदर सुटतात.

धुताना सर्वात मोठे नुकसान राहिलेल्या साबणाने होते. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, पण साबणाचे पाणी पान भिजवते, तेच इथे घडते. कापडात उरलेले डिटर्जंट द्रवाचा कोन खाली आणते आणि नवे कापड पास असले तरी धुतलेले भिजू लागते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका बसतो, म्हणून मऊ केलेले पाणी वापरा आणि खळबळणे एकदा जास्त करा. फॅब्रिक सॉफ्टनर कधीही नको. सोडियम हायपोक्लोराइट रोजच्या धुलाईत नको. त्याने पॉलियुरेथेन खराब होते. वरचे पाणी झटकणारे फिनिश ड्रायरच्या उष्णतेने पुन्हा उठते, म्हणून दोरीवर वाळवून थांबू नका. फिनिश निवडताना जुने सी ८ (आठ कार्बनच्या साखळीचे फ्लोरिनयुक्त) टाळा. त्याच्याशी जोडलेले पीएफओए हे रसायन २०१९ पासून टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आहे. फ्लोरिनशिवायची फिनिश पाण्याला छान झटकतात, पण अल्कोहोल आणि रक्तासारख्या कमी पृष्ठताणाच्या द्रवांना फारशी दाद देत नाहीत. अडथळा आतल्या फिल्मवर सोपवा, फिनिशवर नाही.

जितक्या धुलायांचा दावा कराल, तितक्या धुलाया आणि निर्जंतुकीकरणे झालेला गाऊन चाचणीला पाठवा. नव्या गाऊनचा अहवाल इथे निरर्थक आहे. गाऊनच्या काठावर चौकटी छापून प्रत्येक फेरीला एक खूण करतात, ती पद्धत स्वस्त आणि चांगली आहे. दर फेरीनंतर प्रकाशाच्या टेबलावर पाहून भोक दिसले तर उष्णतेने चिकटणारे ठिगळ लावा. सुईदोऱ्याने शिवू नका.

खरेदीच्या कागदावर काय लिहून घ्याल

फिल्मचा प्रकार आणि जाडी. विषाणूची चाचणी एफ १६७१ की आयएसओ १६६०४, आणि दुसरी असेल तर वर्ग. अहवालातला लॉट क्रमांक आणि तुम्हाला मिळालेल्या रोलवरचा क्रमांक जुळतो का. वाफेचा आकडा पद्धतीच्या नावासह. दुमडून ठेवलेल्या रेघेवर घेतलेला नमुना, कारण पातळ फिल्म घडीवर आधी तडकते. विक्रेता यातले काही द्यायला कचरत असेल तर त्याचा माल रुग्णालयाच्या कामाला घेऊ नका. त्या कपड्याच्या आत एक नर्स किंवा वॉर्डबॉय उभा असतो, आणि त्याला अहवाल पाहायला मिळत नाही.

तुमच्याकडे शिल्लक असलेले ९० जीएसएमचे रोल फेकू नका. त्यांचे गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंतचे, पाठ उघडी असलेले एप्रन कापा, शिवणीशिवाय एकाच तुकड्यात, पट्टे उष्णतेने चिकटवून. बाळंतपणाच्या खोलीत, डायलिसिसला किंवा शवविच्छेदनाला ब्रीदेबल गाऊनवरून असा एप्रन घातला की जिथे सर्वात जास्त द्रव येते तिथे पक्का अडथळा मिळतो, आणि पाठीतून वाफ जायची वाटही बंद होत नाही.